तलाठी अप्पा गेले

रविवार, रात्री

तलाठी अप्पांना आज दुपारी माती दिली. लिंगायत रीतीप्रमाणे बसवूनच. कपाळभर विभूती, हातात इष्टलिंग, भोवती बेल. पंचाहत्तरी गाठली होती. गुडघ्यांनी घरात बसवलं होतं, पण डोकं शेवटपर्यंत लख्ख. औसा तालुक्यात ज्या ज्या सज्जावर (तलाठ्याकडे असलेल्या गावांच्या हद्दीत) त्यांनी नोकरी केली, तिथून लोक जीपा करून आले होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झालेल्या तलाठ्यासाठी एवढी माणसं जमलेली मी कधी पाहिली नाहीत. आई बांधावर बसून राहिली. रडली नाही, फक्त म्हणाली, "आपल्या घरातलं मानूस गेलं गं."

हे आजच लिहून ठेवते.

मी भूकंपानंतरची. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, किल्लारीचा पट्टा हादरला तेव्हा आई सातव्या महिन्यात माहेरी उदगीरला गेलेली होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. दगडमातीच्या हात-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. आमचे आजोबा, आजी, वडील, तिघंही त्या माळवदाखाली गेले. सगळ्या पट्ट्यात मिळून जवळजवळ दहा हजार माणसं गेली. ज्यांच्याकडे वाडा नव्हता, जे कुडाच्या झोपडीत किंवा पत्र्याखाली झोपले होते, त्यातले पुष्कळ वाचले. तेव्हा आमच्या सज्जाचे तलाठी असलेले अप्पाही त्यामुळेच वाचले. भाड्याची खोली पत्र्याची होती.

पुढचं कोतवाल मामांनी आज मला सांगितलं. अंत्ययात्रा निघेपर्यंत आम्ही दोघं गोठ्याच्या सावलीला बसलो होतो. पहिले दोन दिवस अप्पा आणि ते प्रेतं काढत, ओळख पटवत आणि नावं लिहीत फिरले. लाकडं पुरेनात, एका चितेवर कितीजण ठेवले याला हिशेब नव्हता. त्यात पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी अप्पा म्हणाले, आता चावडी उकरायची. लोक संतापले. माणसं जळतायत अन् ह्याला कागदाचं पडलंय, असं तोंडावर बोलले. अप्पांनी उलटून उत्तर दिलं नाही. दोघांनी मिळून तुळया बाजूला केल्या आणि दफ्तराचे लाल रुमाल बाहेर काढले. फेरफाराची वही, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाच्या नावावर गेली त्या नोंदींची, भिजून गठ्ठा झाली होती. अप्पांनी बाभळीचा काटा घेतला आणि एकेक पान काट्यानं सोडवत बाजेवर वाळत घातलं. बाजेखाली विस्तव. पान करपू नये म्हणून रात्रभर दोघं आळीपाळीनं उलटत बसले. मामा म्हणाले, "झोपू दिलं नाही बघ मला. म्हनायचे, ह्या पानात सगळं गाव हाय."

ते खरंच होतं, आणि ते कळायला गावाला सहा महिने लागले. बावन्न गावं उठवून दुसरीकडे वसवायची ठरली, तेव्हा कुणाला केवढं घर हे जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याच्यावर ७५०. म्हणजे आठ-अ च्या उताऱ्यावर खातं कुणाचं आणि त्यात जमीन किती, यावर पुढची पिढी कुठे राहणार ते ठरत होतं. आणि खातेदार तर ढिगाऱ्याखाली गेलेले. वारसनोंदी करायच्या म्हटल्या तर घरंच्या घरं पुसलेली.

तिथे अप्पांचं काम सुरू झालं, असं मला वाटतं. भूकंपाची आठवण निघाली की मुख्यमंत्री, कलेक्टर, संस्था, सगळ्यांची नावं निघतात, आणि ती निघावीतच. पण माझ्या आईच्या डोक्यावर छप्पर आलं ते सज्जाच्या तलाठ्याच्या एका ओळीनं.

भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी आईला सांगितलं होतं, नवरा गेला, मूल नाही, तू आता माहेरीच राहा. सातबारावर आजोबांचंच नाव होतं, वडिलांचं अजून लागलं नव्हतं. अप्पांनी उदगीरला निरोप धाडला, बाईला घेऊन या. आई पोटुशी, सायकलवरून आणि एसटीनं आली. तंबूतल्या चावडीत अप्पांनी तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: सासऱ्याचं वय किती, नवऱ्याचं किती. तिला वाटलं, हे वय कशाला विचारतायत, गेलेल्याचं वय काय करायचं? त्यांनी समजावून सांगितलं. एकाच घटनेत दोघं गेले आणि आधी कोण गेलं ते सांगता येत नसेल, तर कायदा धरतो की थोरला आधी गेला. हिंदू वारसा कायद्याचं कलम २१. म्हणजे सासरे आधी, त्यांचा हिस्सा नवऱ्याला आला, मग नवरा, आणि त्याचा हिस्सा बायकोला. आणि कलम २०, पोटातलं लेकरूसुद्धा जन्मलेलंच धरायचं. अप्पा म्हणाले, "बाई, तू एकटी न्हाईस वारस. दोघं हायत."

मग अर्ज, फेरफार, संबंधितांना कळवणारी नमुना नऊची नोटीस, हरकतीचे पंधरा दिवस. हरकत आलीच. मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली, आणि नोंद मंजूर झाली. आत्याचंही नाव त्यांनी लावलं. तिला हक्क सोडायचा असेल तर ती नंतर स्वतः येऊन सोडेल, पण मी तिला गाळणार नाही, असं ते म्हणाल्याचं आई सांगते. आत्यानं शेवटी सोडला नाही. आज तिचे दिवस त्याच दीड एकरावर निघतात.

मी डिसेंबरात जन्मले. मुलगीच झाली, असं म्हणणारे होतेच. सातबारावर माझं नाव लागलं, पुढे 'अ.पा.क. आई'. अज्ञान, पालनकर्ती आई. आमचं ४०० चौरस फुटांचं घर त्याच खात्यावर मिळालं. नव्या गावठाणात घरं आकाराप्रमाणे ओळीत बांधली, त्यामुळे भावकी तीन गल्ल्यांत पांगली, शेजार तुटला. म्हाताऱ्यांना ते कधीच मानवलं नाही. अप्पांनाही नाही. ते म्हणायचे, माणसं जमिनीच्या मापानं बसवली, नात्यानं नाही.

तलाठ्याविषयी लोक काय बोलतात ते मला माहीत आहे, आणि पुष्कळदा ते उगाच नसतं. अप्पा चहा घ्यायचे, दिवाळीला कुणी शेंगा आणल्या तर घ्यायचे. पैशाला हात लावला नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांच्याकडे वडिलोपार्जित जमीन तेवढीच राहिली.

मला अठरा पूर्ण झाली तेव्हा ते निवृत्त होते. तरी सकाळी दारात उभे. "जन्माचा दाखला घे, चल." गुडघे तेव्हाच दुखायला लागलेले. चावडीपर्यंत माझ्याबरोबर चालत आले आणि नव्या तलाठ्यापुढे माझ्याकडूनच अर्ज लिहून घेतला, अ.पा.क. शेरा कमी करण्याचा. मी 'नम्र विनंती' लिहायला लागले तर म्हणाले, विनंती कशाची, हक्क हाय, विषय लिही. महिन्यानं उतारा हातात आला. माझं पूर्ण नाव, पुढे काही नाही. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला, गट नंबर आणि क्षेत्र बोट ठेवून तपासलं, मग मला दिला.

आता सातबारा मोबाईलवर निघतो, पीक पाहणी शेतकरी स्वतः फोनवर नोंदवतो, पदाचं नावही ग्राम महसूल अधिकारी झालंय. अप्पांना संगणक आवडायचा. पानं कुजत नाहीत, म्हणायचे.

संध्याकाळी त्यांच्या धाकट्या मुलीनं, ताईंनी, मला आत बोलावलं. उशाच्या ट्रंकेत एक कागद निघाला, अप्पांच्या अक्षरात, स्वतःच्या वारसांची यादी. पत्नी, मग तीन मुली, मग मुलगा, प्रत्येकापुढे वय आणि राहण्याचं गाव. ताईंचे दोन चुलते ओसरीवर बसून आत्तापासूनच हक्कसोडीचं बोलत होते. मृत्यूचा दाखला हातात आला की ई-हक्कवर, म्हणजे फेरफाराच्या ऑनलाइन अर्जाच्या संकेतस्थळावर, वारसनोंदीचा अर्ज टाकायचा आहे. मी रजा वाढवून घेते आणि ताईंबरोबर बसून भरते. पाचही नावं जातील.