बर्फाचा ट्रे आणि "ती बीपीडीवाली"

आम्ही चौघी कोथरूडला एका फ्लॅटमध्ये राहायचो तेव्हाची गोष्ट. एप्रिल संपत आलेला, पुण्यातला तो कोरडा उकाडा, आणि आमच्या फ्रीजमधला बर्फ कायम गायब. ऑफिसातून येऊन कोकम सरबत करावं म्हणून ट्रे काढला की रिकामा, आणि तोही पाणी न भरता तसाच आत सारलेला. दोनतीन आठवडे सहन केलं आणि मग अस्सल पुणेरी बाण्याने फ्रीजच्या दारावर पाटीच लावली, "बर्फ घेणाऱ्याने पाणी भरून ठेवावे. हुकमावरून." दोघी हसल्या. तिसरी रात्रभर रडली. मला वाटलं, एवढ्या तेवढ्यावरून काय हे, कमाल आहे!

तिचं नाव सांगत नाही. तिला विचारूनच लिहितेय, "नाव सोडून काय वाट्टेल ते लिही, पण मला बिचारी करू नकोस" एवढीच अट आहे तिची.

वर्ष २०२२. आठवत असेल तर तेव्हा सगळ्यांच्या फोनवर एकच तमाशा चालू होता, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सच्या कोर्टात हॉलिवूडचा नट जॉनी डेप आणि त्याची आधीची बायको अँबर हर्डचा बदनामीचा खटला. कोर्टाचं कामकाज लाइव्ह, त्याच्या क्लिपा, क्लिपांवर गाणी, गाण्यांवर मीम्स. आमच्याकडे पण रात्री जेवताना तेच. डेपच्या बाजूने आलेल्या सायकॉलॉजिस्टने साक्ष दिली की हर्डला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (बीपीडी, म्हणजे भावना आणि नाती सांभाळणंच अवघड करून टाकणारा मानसिक आजार) आहे, आणि मी खिचडीचा घास घेत घेत म्हणलं, "तरीच! असल्या बायकांपासून चार हात लांबच राहिलेलं बरं."

तिने ताट खाली ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मलापण तेच आहे. गेल्या वर्षी निदान झालंय." आणि उठून फ्रीजकडे गेली. त्या दिवशी मला कळलं की बर्फ कुठे जात होता. डोक्यात वादळ सुटलं की ती दोन्ही मुठींत बर्फ धरून बसायची, हात बधिर होईपर्यंत. थेरपिस्टने शिकवलेलं, की त्या दहा मिनिटांत स्वतःला काही करून घेण्यापेक्षा बर्फ धर, अंगाला गारठा लागला की मन जरा खाली उतरतं. आणि मी पाटी लावली होती.

तर त्यानंतर जे वाचलं, तिच्याकडून ऐकलं, ते सांगते. मी डॉक्टर नाही, चुकलं तर सांगा.

पहिलं म्हणजे नाव. आपल्याकडे सीमाप्रश्न म्हणलं की बेळगाव, पण ही बॉर्डर कसली? १९३८ साली न्यूयॉर्कच्या अडॉल्फ स्टर्न नावाच्या मनोविश्लेषकाने अशा पेशंटबद्दल लिहिलं जे धड न्यूरोसिसमध्ये (चिंता, भीती असले त्रास) बसत नाहीत आणि धड सायकोसिसमध्ये (वास्तवाचं भान सुटणं) पण नाहीत, मधल्या कुंपणावरचे. ती कल्पना केव्हाच मागे पडली, नाव मात्र चिकटलं, आणि १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम नावाच्या, मानसिक आजारांचं निदान सांगणाऱ्या पोथीत अधिकृतपणे शिरलं. त्यात नऊ लक्षणं आहेत, त्यातली पाच असली की निदान. आता गणित घाला, नवातली पाच किंवा जास्त, म्हणजे २५६ प्रकारे हा आजार होऊ शकतो, आणि एकच शिक्का असलेल्या दोन माणसांत एखादंच लक्षण सारखं निघू शकतं. म्हणजे "बीपीडीवाले असेच असतात" हे वाक्य मुळातच फुसकं आहे.

पण घरात राहून ते कसं दिसतं ते पुस्तकात नाही कळत. तिचा मेसेज आला, मी वाचला, निळ्या टिका पडल्या आणि मीटिंगमध्ये असल्यामुळे उत्तर नाही दिलं. झालं. तासाभरात अकरा मेसेज. "बिझी आहेस का", "काही चुकलं का माझं", "सांग ना", मग "कळलं मला", मग "मी महिनाअखेर फ्लॅट सोडते", आणि मग "सॉरी सॉरी प्लीज राग मानू नकोस". मी मीटिंगमधून बाहेर येईपर्यंत तिच्या डोक्यात आमची मैत्री मोडून, रडून, सुतक पाळून झालेलं असायचं. एकदा तिचा मॅनेजर "यावर नंतर बोलू" एवढंच म्हणाला तर चार वाजता हिने राजीनामा टाकला आणि सात वाजता तो मागे कसा घ्यायचा म्हणून माझ्यापुढे रडत बसली. माणसाला आधी देव्हाऱ्यात बसवायचं आणि मग एका शब्दावरून थेट उकिरड्यावर, मधे काही नाहीच. आपल्याकडे "क्षणे रुष्टा क्षणे तुष्टा" म्हणतात, आणि "तुझं माझं जमेना तुझ्यावाचून करमेना" तर आहेच. फरक एवढाच की त्या म्हणीवर आपण हसतो आणि ही त्यात चोवीस तास राहते.

खोटं कशाला बोलू, तिच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं. मी थकायचे. घरी जाताना जिना चढता चढता आज काय असेल असं वाटून पोटात गोळा यायचा. काही दिवस तर मी मुद्दाम ऑफिसात रेंगाळले आहे.

मार्शा लिनेहान म्हणून बाई आहेत, याच आजाराची सगळ्यात गाजलेली थेरपी, डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी), त्यांनी काढली. त्या म्हणतात की या माणसांचं जणू नव्वद टक्के अंग भाजलेलं असतं, भावनांवर कातडीच नाही, जरा हात लागला तरी आग. हे वाचल्यावर मला आपलं "तळहातावरच्या फोडासारखं जपणं" आठवलं. आपण ते लाडाकोडाच्या पोराबद्दल म्हणतो, फोडाचा विचारच करत नाही! इथे आख्खा माणूसच फोड आहे.

आणि या बाईंची गोष्ट भारी आहे. २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की १९६१ साली, सतरा वर्षांच्या असताना, त्या स्वतः कनेक्टिकटमधल्या एका मनोरुग्णालयात होत्या, स्वतःला इजा करून घ्यायच्या म्हणून एकांत खोलीत ठेवलेलं, वर निदान केलं स्किझोफ्रेनियाचं. दोनेक वर्षांनी बाहेर पडल्या, शिकल्या, प्रोफेसर झाल्या, आणि आपल्यासारख्यांना बाहेर काढायची पद्धत बांधली. आणि हे सांगितलं कुठे, तर त्याच हॉस्पिटलमध्ये जाऊन. माझ्या मैत्रिणीच्या कपाटाच्या दाराला आतून त्यांचा फोटो लावलेला आहे, इतरांच्या कपाटात असतो तसा स्वामी समर्थांच्या शेजारी.

आता घरचे. काकूंना (तिच्या आई) सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं पत्रिकेत चंद्रच बिघडलाय तिचा, लहानपणापासून अशीच, लाडाने डोक्यावर बसलीय. एकदा लग्न झालं की येईल ताळ्यावर." ज्या आजारात सगळ्यात जास्त जळतं ते जवळच्या नात्यात, त्यावर उपाय म्हणून लग्न! काकू वाईट नाहीत हो, बस पकडून डबे घेऊन येतात पुण्याला. पण "नाटकं करते" या दोन शब्दांत त्यांनी पोरीची वीस वर्षं गुंडाळली.

डॉक्टर लोक पण कमी नाहीत. एका रात्री तिला कॅज्युअल्टीत न्यावं लागलं (कुठल्या ते जाऊदे), तिथला ड्यूटीवरचा माणूस तिच्यासमोर म्हणाला की हे असलं सगळं लक्ष वेधायला करतात, आणि वर दम दिला की पोलीस केस करू, जेल होईल. आम्ही घाबरून गप्प. नंतर कळलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ आहे, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरून चालायचं आणि त्याच्यावर खटला भरायचा नाही, उलट त्याची काळजी घेणं सरकारचं काम. हा कायदा २०१८ पासून लागू आहे. हे तेव्हा माहीत असतं तर मी बरंच काही बोलले असते. आणि सरकारचा टेलीमानस नंबर आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

बरं, मी त्या रात्री खिचडी खाताना जे बोलले ते माझ्या डोक्यात आलं कुठून? सिनेमातून, दुसरं काय. १९८७ चा "फेटल अट्रॅक्शन", ग्लेन क्लोज, लग्न झालेल्या पुरुषाच्या मागे लागलेली बाई, त्याच्या पोरीचा पाळीव ससा शिजवणारी. त्याचा मूळ शेवट वेगळा होता, त्यात ती स्वतःचा जीव घेते. ट्रायल शोला लोकांना तो आवडला नाही, त्यांना ती मारली जायला हवी होती, म्हणून परत शूटिंग करून बायकोच्या हातून गोळी घालून मारली. क्लोज या बदलाच्या विरोधात भांडली होती, हरली. म्हणजे बघा, आजारी बाई स्वतःला संपवते हे जास्त खरं होतं, पण तिकिटं विकली गेली ती राक्षसीण मारण्यावर. आणि आपल्याकडे १९९३ च्या "डर" मध्ये तेच पुरुषाने केलं तर थेटरात शिट्ट्या! पुरुष मागे लागला तर आशिक आणि बाई लागली तर सायको.

आकडेही तेच सांगतात. बरीच वर्षं म्हणायचे की या आजाराचे चारातले तीन पेशंट बायका. पण ते दवाखान्यातले मोजून. अमेरिकेत घरोघरी जाऊन मोठा सर्व्हे केला तेव्हा पुरुष जवळजवळ तेवढेच निघाले. मग ते पुरुष जातात कुठे? काही दारूत, काही मारामारीत, आणि तुरुंगातल्या अभ्यासांत या आजाराचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतं. त्यांना कोणी आजारी म्हणत नाही, तापट म्हणतात.

गुन्ह्यांचा विषय निघालाच आहे तर एक गंमत (गंमत कसली) मला दिसली. जोडी एरियास नावाची बाई, अॅरिझोना, आधीच्या बॉयफ्रेंडचा २००८ मध्ये खून, २०१३ ला खटला. सरकारी पक्षाची सायकॉलॉजिस्ट म्हणाली हिला बॉर्डरलाइन आहे, बचाव पक्षाचा तज्ज्ञ म्हणाला नाही, हिला पीटीएसडी आहे, म्हणजे आघातानंतरचा ताण. नऊ वर्षांनी फेअरफॅक्सला हुबेहूब तेच, डेपची तज्ज्ञ म्हणते बॉर्डरलाइन, हर्डची तज्ज्ञ म्हणते पीटीएसडी. म्हणजे आपल्या माणसाला आघात झालेला असतो आणि समोरच्या माणसाचा स्वभावच वाईट असतो! खरं तर या आजाराच्या कितीतरी पेशंटच्या लहानपणात मारहाण, अत्याचार, हेळसांड असतेच, सगळ्यांच्या नाही पण बऱ्याच जणांच्या. तेव्हा ही दोन लेबलं एकमेकांविरुद्ध वकिलांसारखी उभी करणं हा कोर्टाचा खेळ आहे. उलट उदाहरण पण आहे म्हणा. फ्लोरिडात सात पुरुषांना मारणारी आयलीन वुर्नोस, तिच्या बाजूच्याच तज्ज्ञांनी १९९२ मध्ये दया मिळावी म्हणून बॉर्डरलाइनचं सांगितलं, ज्युरीने ऐकून बाराच्या बारा मतांनी मृत्युदंड सुचवला. २००२ मध्ये दिला पण. ते नाव तुमच्या बाजूने वापरलं तरी उपयोग शून्य.

आणि या दोनचार नावांमुळे लोकांना वाटतं बीपीडी म्हणजे सुरी घेऊन मागे लागणारं कोणीतरी. अहो, यातल्या बहुतेकांची सुरी स्वतःकडेच वळलेली असते.

आपल्या कायद्यात वेडेपणाचा बचाव आहे, जुन्या दंड संहितेत कलम ८४, आता न्याय संहितेत २२, पण त्यात करणाऱ्याला आपण काय करतोय किंवा ते चुकीचं आहे हेच कळत नसलं पाहिजे. बॉर्डरलाइनमध्ये सहसा कळतं. कळतं आणि तरी थांबता येत नाही, तोच तर ताप आहे. मात्र घटस्फोटात लोक हे शब्द फार सहज वापरायला लागलेत असं एक वकील मैत्रीण सांगते, हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे कारण आहे म्हणून. पण सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच सांगितलंय की आजाराचं नुसतं नाव पुरत नाही, तो इतका तीव्र हवा की एकत्र राहणंच अशक्य व्हावं. बायकोचे व्हॉट्सअॅप स्क्रीनशॉट नेटवरच्या यादीशी जुळवून येणाऱ्यांना हे सांगून ती वकील मैत्रीण दमली आहे.

ज्या गोष्टीने मला खरंच धक्का बसला ती शेवटी सांगते. मला वाटायचं स्वभावाला औषध नाही म्हणतात, म्हणजे ही जन्मभर अशीच. या आजारावर म्हणून खास गोळी नाही हे खरंय, ज्या देतात त्या सोबतच्या डिप्रेशन, झोप वगैरेसाठी. पण बोस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलने पेशंटचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तर दहा वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं ओसरली आणि किमान दोन वर्षं ओसरलेलीच राहिली. नोकरी, नातीगोती रुळावर यायला जास्त वेळ लागतो, पण वादळ ओसरतं. हे तिला कोणी पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?

तिला डीबीटीवाली थेरपिस्ट शोधायलाच दीड वर्ष गेलं, ती पण ऑनलाइन मिळाली. रोज रात्री एक तक्ता भरायचा, आज किती राग, किती लाज, किती वेळा सगळं सोडून द्यावंसं वाटलं, शून्य ते पाच. मी चोरून एकदा पाहिला होता. एका रांगेत सगळे पाच होते आणि शेवटच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलेलं, "ऑफिसला गेले."

आता ती एकटी राहते, वारज्याला. गेल्या महिन्यात गेले होते. उकडत होतं, म्हणलं कोकम सरबत कर. फ्रीज उघडायला गेले तर दारावर माझीच ती पाटी, कडा पिवळ्या पडलेल्या, चिकटपट्टी मात्र नवी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, काढायला हात घातला.

"राहू दे गं," ती आतून म्हणाली. "आणि बर्फ घेतलास की पाणी भरून ठेव."