गळासारखं वळलेलं भाताचं मूळ

एमएस्सीच्या प्रयोगासाठी कुंडीतल्या भातरोपांवर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे धाग्यासारखे सूक्ष्म कृमी, सोडले, तेव्हा मुळं कुजून काळी पडतील अशी माझी समजूत होती. तसं झालं नाही. तिसऱ्या दिवशी एक रोप काढून धुतलं, तर मुळांची टोकं जाडसर लागली. पुढे ती मासे धरायच्या गळासारखी वळली. मेलॉयडोगायनी ग्रॅमिनीकोला या सूत्रकृमीची ही ओळखीची खूण.

आत काय चाललंय ते बघायचं तर मूळ रंगवावं लागतं. आधी ब्लीच, मग धुणं, मग ॲसिड फुक्सिन या रंगात अर्धा मिनिट उकळणं, शेवटी ग्लिसरीनमध्ये जादा रंग उतरवणं. पहिल्या खेपेला मी जुन्या जाड मुळांना लागतो तेवढा तीव्र ब्लीच घेतला. कोवळी मुळं चिमट्याला चिकटून तुटली. दुसऱ्यांदा धुणं घाईत उरकलं. आत ब्लीच राहिला आणि रंग धरलाच नाही. दोन आठवड्यांची रोपं वाया गेली, फार जिवाला लागलं. तिसऱ्यांदा मात्र पंधरा मिनिटं साध्या पाण्यात ठेवली.

सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी धाग्यांसारखी पिल्लं दिसली. टोकाच्या जरा मागून ती शिरतात, पेशींच्या मधून आधी शेंड्याकडे उतरतात, तिथे वळून मुळाच्या गाभ्यात चढतात. तिथल्या मोजक्या पेशींत सुईसारख्या मुखातून स्राव सोडतात. मग मूळच त्यांच्यासाठी राबू लागतं! त्या पेशींतली केंद्रकं विभागत राहतात, पेशी मात्र विभागत नाही, नुसती फुगत जाते. भोवतालच्या पेशीही वाढतात, तीच गाठ. रोपाचं अन्न पानाऐवजी तिकडे वळतं. मादी अंडीही मुळाच्या आतच घालते, त्यामुळे शेतात पाणी साचवलं तरी पिढी टिकून राहते.

त्या संध्याकाळी काकांना फोन केला. त्यांच्या तरव्यात, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेत, मधेच रोपं पिवळी, खुजी राहतात आणि ते दरवर्षी युरिया टाकतात.

"काका, युरिया टाकायच्या आधी एक करा. रोप ओढून काढू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. खुरप्याने मातीसकट उचला, बादलीत हलक्या हाताने धुवा, आणि मुळांची टोकं बघा."

"कुठली टोकं?"

"सगळ्यात बारीक मुळांची. वळली असली तर मला फोटो पाठवा."