फोकणं म्हणजे फेकणं नव्हे

"मेथी फोकून टाका" असं कुणी सांगितलं, की नव्याने भाजी लावणाऱ्याला ते "फेकून टाका" असं ऐकू येतं. 'फेकून पेरणी' असं छापलेलंही सर्रास दिसतं. पण फोकणं म्हणजे मुठीतलं बी सबंध वाफ्यावर सारखं सोडणं. फेकताना नजर एका जागेवर असते, फोकताना ती सबंध वाफ्यावर असावी लागते. बी हातातून सुटतं, तरी त्याचं माप सुटत नाही. ते सुटलं की मग नुसतं विखुरणं.

आपल्याकडे या कामाला शब्द मुबलक आहेत, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. धान्य उन्हात पसरतात, त्याचा सलग थर होतो. पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरतात. गुलाल उधळतात, आणि बिथरलेले बैलही उधळतात. गुरं पांगतात, माणसं पांगतात. धणे मात्र कधी पांगत नाहीत, कारण पांगायला स्वतःचे पाय लागतात. शेणखताचे ढीग विस्कटतात. बी आणि दाणेदार खत फोकतात.

आता माप. 3 बाय 2 मीटरचा सपाट वाफा धरा, म्हणजे 6 चौरस मीटर. हेक्टरी 25 ते 30 किलो या हिशेबाने मेथीचं बी 15 ते 18 ग्रॅम लागतं. कोथिंबिरीला हेक्टरी 60 ते 80 किलो धरलं, तर 36 ते 48 ग्रॅम. धणे अख्खे पेरू नयेत. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून फळीखाली किंवा चपलेने हलके रगडून त्याच्या दोन डाळी करायच्या, भुगा नाही. मग 12 तास भिजवून, सावलीत सुकवून घ्यायचे. ओले धणे बोटांना चिकटतात आणि गठ्ठ्याने पडतात.

प्रत्येक वाफ्याचं बी आधीच वेगळं काढून ठेवा. नाहीतर पहिल्या वाफ्यात हात सढळ चालतो आणि शेवटच्याला बी उरत नाही. त्या वाट्याचेही दोन भाग करायचे: एक लांबीच्या दिशेने फोकायचा, दुसरा आडवा. पहिल्या फेरीत राहिलेल्या मोकळ्या जागा दुसऱ्या फेरीत भरतात. मूठ सैल, हात कमरेच्या उंचीवर, झोका एकसारखा. बी बोटांच्या फटींतून सुटलं पाहिजे. वारा असेल तर थांबा. राजगिरा, गाजर यांसारखं बारीक बी कोरड्या वाळूत मिसळून घेतलं की चिमटीत जास्त येत नाही, आणि कुठे पडलं तेही वाळूवरून दिसतं.

मग खुरप्याने वा दाताळ्याने वरची माती हलवून बी झाकायचं, एक-दीड सेंटीमीटर पुरे. सर्वांत जास्त नुकसान होतं ते यानंतरच्या पाण्याने. दारं धरताना, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यात सोडताना, लोट जोरात आला, की छान फोकलेलं बी वाहत जाऊन वाफ्याच्या टोकाला गोळा होतं. तिथे दाट गालिचा उगवतो आणि तोंडाशी टक्कल. पहिलं पाणी झारीने द्या, किंवा पाणी शिरतं तिथे गवताचा पेंढा ठेवा.

कोकणातल्या भाताच्या रहू पद्धतीतही चिखलावर बी फोकतात, पण मोड आलेलं. मोड नुकता फुटलेला हवा. तो लांबला की दाणे एकमेकांत गुंततात, हातातून सुटे पडत नाहीत, मोडही तुटतात.

फोकलेल्या पिकाला ओळी नसतात, म्हणून ओळींमधलं तण काढणारं कोळपं चालत नाही. तण हातानेच काढावं लागतं. पालेभाजीला हे परवडतं, कारण ती महिना-दीड महिन्यात निघते. ज्वारी-बाजरीला ओळीत पेरणारी तिफण किंवा पाभरच बरी.

खताचंही तसंच. युरिया दव सुकल्यावरच फोका, ओल्या पानावर दाणा चिकटला तर पान करपतं. आणि स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत उभ्या पिकात फोकून पैसे घालवू नका. स्फुरद मातीत जागचं फारसं हलत नाही. वर पडलेलं वरच राहतं आणि मुळं खाली असतात. ते पेरणीच्या वेळीच बियाच्या खाली गेलेलं बरं.