सत्तावीस दाणे

परवा दुपारी मटार सोलत बसले होते. ओट्यावर फोन, फोनवर जॅझ. सॅक्सोफोन अगदी हळू, कानाशी येऊन बोलल्यासारखा वाजत होता, आणि तेवढ्यात कुणीतरी खोकलं. मी दचकून मागे पाहिलं. घरात मी एकटीच. मग कळलं, खोकणारा अमेरिकेतल्या कुठल्याशा सभागृहात बसलेला आहे.

हा आठवड्याचा कार्यक्रम मी बरीच वर्षं ऐकते. 'जॅझ नाइट इन अमेरिका' नाव. २०१४ साली सुरू झाला, निवेदन बेसवादक ख्रिश्चन मॅकब्राइडचं. मैफली प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर झालेल्या असतात, म्हणूनच मी तो ऐकते. खरं सांगायचं तर मला जॅझमधलं फार कळत नाही. मला खोकले आवडतात. खुर्ची सरकल्याचा आवाज, ग्लासाचा किणकिणाट, चुकीच्या जागी टाळी वाजवून मध्येच ओशाळून थांबलेला एखादा. स्टुडिओत बंद दाराआड केलेलं संगीत मला कपाटातल्या, कधीच न नेसलेल्या साडीसारखं वाटतं.

ही खोड अण्णांची. म्हणजे माझ्या वडिलांची.

गिरगावातली आमची चाळ, गॅलरीच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल, आणि पोस्टात लायसन्सचे पैसे भरून ठेवलेला रेडिओ. बटण फिरवलं की लगेच बोलायचा नाही. आधी आतले व्हॉल्व्ह तापायचे, मग स्टेशन जुळल्याचं सांगणारा तो हिरवा डोळा हळूहळू मिटत यायचा आणि मग आवाज. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम. त्या वेळी घरात कुणी पाणी प्यायलं तरी अण्णा बघायचे. मोठे मोठे गवई गायचे, भैरवीपर्यंत यायचे, तंबोरे विझायचे आणि लगेच निवेदिका. मी एकदा विचारलं, "टाळ्या का नाहीत?"

"स्टुडिओत कोण बसलंय टाळ्या वाजवायला?" अण्णा म्हणाले. पण त्यांनाही ते डाचत असावं. संगीत संमेलनाचं ध्वनिमुद्रण निमंत्रित श्रोत्यांसमोर व्हायचं, ते लागलं की त्यांचा चेहरा वेगळा दिसायचा. गवयाच्या आधी श्रोत्यांमधला एखादा "वाह" ते हुंगून काढायचे.

जॅझ त्यांना त्या टाळ्या शोधतानाच सापडलं. शॉर्टवेव्हवर ३१ मीटरच्या आसपास काटा फिरवताना व्हॉइस ऑफ अमेरिका हे अमेरिकी सरकारचं रेडिओ केंद्र लागायचं आणि त्यावरचे जॅझचे निवेदक विलिस कोनोव्हर बोलायचे. खर्जातला आवाज, आणि शुद्धलेखन घालणाऱ्या मास्तरांसारखे एकेक शब्द सुटा सुटा. इंग्रजी कमी येणाऱ्यालाही कळावं म्हणून ते मुद्दाम तसे बोलत. अण्णा म्हणायचे, "हा एकच साहेब मला समजतो." सुरुवातीला जॅझ बॅण्डवाल्या ड्यूक एलिंग्टनची 'टेक द ए ट्रेन' ही धून. १९५५ सालापासून ते हा कार्यक्रम करत होते आणि १९९६ मध्ये गेले तोवर करत राहिले. गंमत म्हणजे व्हॉइस ऑफ अमेरिकेचे कार्यक्रम खुद्द अमेरिकेत ऐकवायला कायद्यानेच बंदी होती. त्यामुळे आमच्या चाळीतल्या माणसाला कोनोव्हर ठाऊक आणि त्यांच्या गल्लीतल्याला नाही.

कोनोव्हर आठवड्यातून सहा रात्री असायचे, आमच्या वाट्याला एकच यायची. बुधवार बिनाका गीतमालेचा, शनिवार शास्त्रीयाचा, उरलेले दिवस आईच्या डोकेदुखीचे. राहता राहिला शुक्रवार.

शॉर्टवेव्हचा आवाज झोक्यावर बसल्यासारखा यायचा. जवळ यायचा, लांब जायचा, मध्येच पार समुद्रात बुडायचा. अशा वेळी टाळ्या आणि खरखर यांतला फरक कळत नसे. पत्र्यावर पाऊस पडावा तसं काहीतरी सुरू व्हायचं आणि अण्णा हात वर करून सांगायचे, "थांबा. टाळ्या आहेत." कधी त्या टाळ्या पाच मिनिटं चालायच्या आणि मग त्यातून रशियन बातम्या निघायच्या.

अण्णांना जॅझमधलं काय आवडायचं म्हणाल तर हिशेब. उजव्या हाताच्या चार बोटांची बारा पेरं, त्यांवर अंगठा फिरायचा. ब्ल्यूज या जॅझमधल्या प्रकाराचं एक आवर्तन बारा बारांचं, म्हणजे तालाच्या बारा तुकड्यांचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते पेरांवर पकडलं. एका बारात चार ठोके, मग अंगठा पुढच्या पेरावर. करंगळीपासून सुरुवात, तर्जनीचं शेवटचं पेर संपलं की पुन्हा करंगळी. "एकतालासारखंच आहे गं," ते आईला सांगायचे, "फक्त सम कुठे आहे ते हे लोक सांगत नाहीत." आई "बरं" म्हणायची.

एका शुक्रवारी एलिंग्टनचा बॅण्ड चालू होता आणि कोनोव्हरांनी सॅक्सोफोनवाल्याचं नाव सावकाश घेतलं, पॉल गोन्साल्विस. अण्णा ताडकन उठून बसले. "ऐकलंस? आपला गोव्याचा माणूस! म्हापशाचा असणार."

आमच्या तळमजल्यावर ट्रम्पेटवाले अंकल राहायचे. दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, रात्री हॉटेलात. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना जिन्यात गाठून विचारलं, "हा गोन्साल्विस तुमचा कोण?" अंकल म्हणाले, "अहो, आमच्यात गोन्साल्विस म्हणजे तुमच्यात कुलकर्णी. कोणाकोणाचं सांगू?" अण्णांनी ते नात्याला दिलेला होकार म्हणून घेतलं.

पॉल गोन्साल्विस अमेरिकेत, मॅसेच्युसेट्समधल्या ब्रॉकटनला जन्मला. घराणं केप व्हर्द बेटांवरचं. पोर्तुगीज तिथेही गेले होते, आडनावं तीच ठेवून आले. हे मी फार उशिरा वाचलं. अण्णांना सांगायला ते तेव्हा नव्हते, आणि असते तरी मी सांगितलं असतं असं वाटत नाही.

त्याच वाचनात अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवाची गोष्ट कळली. ७ जुलै १९५६, शनिवार. एलिंग्टनचा बॅण्ड पुन्हा मंचावर आला तेव्हा मध्यरात्र होत आलेली, लोक घरी निघालेले. ब्ल्यूजच्या दोन तुकड्यांच्या मधल्या जागेत गोन्साल्विस उभा राहिला आणि एकामागून एक सत्तावीस आवर्तनं वाजवून गेला. काळ्या पोशाखातली एक बाई उठून नाचायला लागली, निघालेले लोक मागे फिरले, एलिंग्टन ओरडून चेतवतोय. पुढच्या महिन्यात एलिंग्टन 'टाइम'च्या मुखपृष्ठावर आला. पण गोन्साल्विस बाबाजी वाजवत होता तो भलत्याच मायक्रोफोनमध्ये. रेकॉर्ड काढणाऱ्या कोलंबिया कंपनीचा माइक एका बाजूला, आणि याचा सॅक्सोफोन व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या माइककडे. रेकॉर्डवर तो पुसट आला, पलीकडच्या खोलीत वाजवल्यासारखा. रेडिओची टेप मात्र पडून राहिली. चाळीस वर्षांनी ती अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली आणि १९९९ मध्ये दोन्ही टेपा जुळवून ती मैफल पुन्हा निघाली.

इथवर मी खूश होते. अण्णांच्या रेडिओची बाजू जिंकली म्हणून. पुढे वाचलं तर असं की १९५६ च्या त्या मूळ रेकॉर्डचा बराचसा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतलेला होता आणि त्यावर टाळ्या बाहेरून आणून चिकटवलेल्या होत्या. चिकटवलेल्या! मी दोन दिवस त्या रेकॉर्डशी बोलले नाही.

१९७८ साली मुंबईत रंगभवनला 'जॅझ यात्रा' हा महोत्सव भरला तेव्हा मी अण्णांना घेऊन गेले होते. सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स आला होता. उघड्यावर, रात्रीच्या गारव्यात, समोर खरा माणूस खरं वाद्य वाजवतोय, आणि आजूबाजूला आमचेच खोकले, आमच्याच टाळ्या. अण्णांचा अंगठा पेरांवर होता पण मन लागेना. परतताना म्हणाले, "चांगलं होतं. जरा जास्तच स्पष्ट होतं."

तर परवा मटार अर्धे झाले होते. तो खोकणारा गप्प झाला, कार्यक्रम संपला. मला वाटलं, न्यूपोर्टची ती सत्तावीस आवर्तनं आपण कधी मोजलीच नाहीत. लोक सांगतात म्हणून सत्तावीस. मग १९९९ ची प्रत लावली. अण्णांसारखी पेरं धरली, पण आवर्तनं मोजायची कशावर? समोर मटार होतेच. एक आवर्तन पुरं झालं की एक दाणा वेगळ्या वाटीत.

सात-आठपर्यंत नीट चाललं. मग लोक ओरडायला लागले, एलिंग्टन ओरडायला लागला, मीही जरा पुढे सरकून बसले. कुकर लावायचा राहिला होता तो राहूच दिला. मध्ये इस्त्रीवाल्याने बेल वाजवली. त्याला हातानेच थांब म्हटलं, अंगठा पेरावर तसाच ठेवून. तो बिचारा दारात कपडे घेऊन उभा राहिला, अर्ध्या मिनिटाने त्याचाही पाय हलायला लागला.

संपलं तेव्हा वाटीतले दाणे मोजले. सव्वीस.

परत मोजले. सव्वीसच. मटार कोवळे होते, एखादा मधेच तोंडात टाकला असणार.