झेनवू मंडपाचं मॉडेल: अधांतरी खांब बसले

दोन मजल्यांचा सांगाडा उभा राहिला आणि ज्याच्यासाठी हे देऊळ निवडलं ते काम एकदाचं हाती आलं: दुसऱ्या मजल्यावरचे चार अधांतरी खांब.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. दक्षिण चीनमध्ये, ग्वांगशीतल्या रोंगश्यानला नदीकाठी इ.स. ७५९चा, थांग काळातला चौथरा आहे. मिंग काळात त्यावर ताओ पंथाच्या झेनवू देवाचं ठाणं आलं आणि १५७३मध्ये आजचा तीनमजली मंडप. झेनवू उत्तरेचा, पाण्याचा देव. आगीपासून राखण त्याच्याकडे. उंची १३.२ मीटर, लाकडी भाग जवळपास ३,०००, लोखंडी खिळा एकही नाही.

गंमत अशी, की हे चार खांब वरच्या मजल्याचा आणि छपराचा भार घेतात, पण त्यांचे पाय त्याच मजल्याच्या जमिनीपासून दोनेक सेंटिमीटर वर! खालून वरपर्यंत सलग गेलेल्या खांबांतून आडव्या तुळया आरपार जातात. बाहेरच्या टोकावर वळचणीचं ओझं, आतल्या टोकाला अधांतरी खांब. थेट वाण्याचा तराजू. १९६२मध्ये चिनी वास्तुकलेचे इतिहासकार ल्यांग स-छंग यांनी पाहणी करून या मांडणीला तरफेची रचना म्हटलं. ‘चमत्कारी खांब’ वगैरे व्हिडिओंपेक्षा मला हा हिशेबच जास्त थोर वाटतो.

माझं प्रमाण १:२५, म्हणजे फट ०.८ मिमी. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून चारही खांब तपासले. खरी अडचण वेगळीच. लांबी २५ पट कमी केली की वजन १५,६२५ पट कमी होतं. सागवानाचं कुसू (खाचेत बसणारं टोक) खाचेत जरा घट्ट बसलं, तरी नुसत्या घर्षणावर खांब लटकून राहतो आणि तरफ काम करतेय की नाही ते कळतच नाही. म्हणून टेकूच्या जागी, म्हणजे तुळई सलग खांबातून जाते तिथे, खाच पटाशीने हलकेच सैल केली, आतून पॉलिश पेपर फिरवला, सरस अजिबात लावला नाही. वळचणीखाली गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या अडकवल्या. आता गोळ्या काढल्या की खांब टेकतात, लावल्या की खांब उचलले जातात. बघायला मजा येते, खोटं का बोला.

ब्रॅकेटचं (छपराखालच्या लाकडी आधारांचं) कोरीवकाम कंटाळवाणं आहे, चालू आहे. पुढे कौलं. ती चढतील तसं दोन्ही टोकांचं वजन बदलणार, त्यामुळे प्रत्येक ओळीनंतर फट मोजून शिसं कमीजास्त करावं लागेल.