खानापूरच्या तांबड्या वाटेवर: घराजवळची ग्रॅव्हल राईड

सुगी झाली की आमच्या भागात डांबरी रस्त्यावर सायकल चालवणं नकोसं होतं. कारखान्याकडं निघालेले उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि त्यांना मागं टाकायला बघणाऱ्या गाड्या. म्हणून बेळगावातल्या सायकलवाल्यांनी शिवारातून नि रानाच्या कडेनं शंभरावर किलोमीटरची ग्रॅव्हल राईड, म्हणजे कच्च्या, मातीखडीच्या वाटांवरची सायकल सफर, आखल्याचं कळताच मी नाव दिलं. वाट अशी: येळ्ळूर, राजहंसगड, खानापूर, जांबोटी, आणि बैलूर-बेळवट्टीवरून परत.

या वाटेवर दमापेक्षा माती ओळखण्याला जास्त किंमत आहे. येळ्ळूरचं शिवार काळं, भाताचं. पहाटेच्या दवानं माती चाकाला धरते, फ्रेममध्ये भरते. काटकीनं काढत पुढं सरकायचं. पश्चिमेकडं सरकलं की जांभा लागतो. खाली टणक तांबडी जमीन आणि वर सुटी बारीक खडी, सांडलेल्या ज्वारीवरून चालल्यासारखं चाक निसटतं. तिथं पुढचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, वजन मागं ठेवायचं आणि हँडल सैल धरायचं. माझे टायर ४० मिलिमीटर रुंद, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले), आत सीलंट, म्हणजे भोक पडलं तर बुजवणारा द्रव. हवेचा दाब ३५ पीएसआयच्या आसपास ठेवला होता. डांबरावर तो कमी वाटतो, पण जांभ्याच्या चिऱ्यावर तोच हाताला नि कंबरेला वाचवतो. करवंदीच्या जाळ्यांतून जाताना काटा शिरला तरी सीलंटनं भोक बुजवलं.

खानापूरला मलप्रभा ओलांडली. पुढं जांबोटीपर्यंतचा पट्टा मला सगळ्यात आवडला. बैलगाड्यांच्या खोल चाकोऱ्या, कुठं चढ इतका की उतरून सायकल ढकलावी, आणि खळ्यावर नाचण्याची मळणी. एका खळ्यावरच्या मावशींनी हाक मारली, "दादा, पाणी पिऊन जावा की ओ!" पाण्याबरोबर त्यांनी आंबीलही दिली. मीठ, ताक, नाचणा: उन्हात घाम गाळलेल्याला याहून चांगलं काही मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे. ताकदीसाठी आणलेले पाकिटातले गोड जेल माझ्या खिशातच राहिले.

भीमगड अभयारण्य दक्षिणेला ठेवून वाट काढली होती, आणि ते बरोबरच केलं. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय घुसणं योग्य नाही. बाहेरच्या रानातही गवे नि अस्वलं फिरतात. म्हणून दिवस कलायच्या आत जांबोटी सोडायची आणि रानातून जोडीनंच जायचं, असा नियम होता. वेळेत न पोचलेल्यांना तिथूनच गाडीत घेतलं. काहींना ते कडक वाटलं. मला तो नियम फार मोलाचा वाटतो.

बैलूरच्या बाजूनं परततानाचे किलोमीटर मान खाली घालून काढले, त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. बेळवट्टीनंतर पायात गोळे आले, गूळ-शेंगा खाल्ल्या, चालू लागलो. दिवेलागणीला बेळगावात पोचलो.

आखणाऱ्यांना मी एकच सुचवलं आहे: पुढच्या खेपेला वाट उलटी फिरवा. जांबोटीचा चढ सकाळच्या गारव्यात होईल, येळ्ळूरची माती दुपारपर्यंत वाळलेली असेल आणि रान दिवसाउजेडी मागं पडेल. राईड सुगीनंतरच ठेवा. आधी ठेवलीत तर उभ्या भाताच्या बांधांवरून जावं लागेल, आणि शेतकऱ्याच्या पिकाला चाक लागता कामा नये.