पॉलिहाऊसच्या मातीत साठलेला स्फुरद : माझा अनुभव

जुन्नर तालुक्यातलं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस मी भाड्याने घेतलं, तेव्हा त्यात बरीच वर्षं ढोबळी मिरचीच होत होती. मालक तात्या म्हणाले, "माती ताकदीची आहे, खत कमी पडू दिलं नाही कधी." ते खरंच होतं. लागवडीनंतर काही आठवड्यांत शेंड्याची पानं पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. दुकानदाराने चिलेटेड लोह (पिकाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) दिलं. फवारलं की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच.

माती तपासायला दिली. कृषी विज्ञान केंद्रातल्या मॅडमनी एक गोष्ट आवर्जून सांगितली: नुसता वरचा नमुना नको, वरची वीत, त्याखालची वीत आणि बेडच्या तळाची माती वेगवेगळी आणा. नमुना खताच्या रिकाम्या गोणीत आणायचा नाही, हेही सांगितलं. (कितीतरी लोक तसाच आणतात म्हणे.) ठिकठिकाणचे नमुने घमेल्यात मिसळले, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकले, असं करत अर्धा किलो उरवला आणि सावलीत वाळवला.

अहवालात उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस, पिकाला घेता येईल असा) हेक्टरी दोनशे किलोच्या वर! ऑल्सेन पद्धतीत, म्हणजे हा उपलब्ध स्फुरद मोजायच्या प्रयोगशाळेतल्या पद्धतीत, हेक्टरी 25 किलोच्या पुढे गेलं की 'जास्त' धरतात. तात्या खूश झाले. मला मात्र तळाच्या नमुन्याचा आकडा खुपत होता. तोही 'जास्त'मध्येच होता.

स्फुरद जागचा हलत नाही, असं आपण ऐकत आलो. चुनखडीच्या काळ्या मातीत कॅल्शियम त्याला धरून ठेवतो, लाल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम. पण धरून ठेवायच्या जागा मोजक्याच असतात. त्या भरल्या की उरलेला स्फुरद पाण्याबरोबर खाली उतरतो. इंग्लंडमधल्या रोथमस्टेड केंद्राच्या ब्रॉडबॉक शेतात हे मोजलेलं आहे: किलोभर मातीत 60 मिलिग्रॅमच्या पुढे ऑल्सेन स्फुरद गेला, की चरातून निघणाऱ्या पाण्यातला स्फुरद झपाट्याने वाढतो. म्हणजे हेक्टरी साधारण 134 किलो. तिथली माती वेगळी, तो आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी आमचे दोनशे बघून ओढ्याला जाणाऱ्या चरातलं शेवाळ वेगळ्या नजरेने दिसायला लागलं, कारण पाण्यातल्या स्फुरदावर शेवाळ पोसतं. पिवळेपणाचं कोडंही थोडं उलगडलं, कारण स्फुरद अति झाला की पिकाला लोह आणि जस्त नीट मिळत नाही.

मग हिशेब मांडला. खताच्या नावातले तीन आकडे म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद आणि पालाश (पोटॅश) यांचे टक्के. 12:61:00 च्या 25 किलोच्या पिशवीत सव्वापंधरा किलो स्फुरद असतो, म्हणजे P2O5 च्या (खतावर स्फुरद ज्या रूपात मोजून लिहितात त्या) हिशेबात. दहा गुंठ्यांवर ती एक पिशवी म्हणजे हेक्टरी दीडशे किलो. मिरचीला नत्र आणि पालाश भरपूर लागतं, स्फुरद त्या मानाने थोडा. वर 19:19:19, 00:52:34, दरवर्षीचं कोंबडी खत. आणि ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं ते, ठिबक साफ करायचं फॉस्फोरिक ॲसिड.

एकाने सल्ला दिला, "भरपूर पाणी सोडून धुऊन काढा." धुऊन कुठे जाणार, तर विहिरीत आणि ओढ्यात. दुकानदाराने स्फुरद विरघळवणारे जिवाणू पुढे केले. इथे विरघळलेलाच जास्त झालाय, हे त्याला पटवायला बराच वेळ गेला.

स्फुरदयुक्त खतं पूर्ण बंद केली. कॅल्शियम नायट्रेट, 13:00:45 आणि 00:00:50 एवढ्यावर पीक काढलं, ठिबकला हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरलं. पाणी थोडं थोडं, दिवसातून दोनदा. उत्पादन घटलं नाही. पीक निघाल्यावर मातीतला स्फुरद उचलावा म्हणून बेडवर मका दाट पेरला आणि हिरवाच कापून गोठ्यात दिला. त्याच गोठ्याचं शेणखत परत आत आणायचं नाही, यावरून तात्यांशी वाद झाला.

दुसऱ्या अहवालात वरच्या विती‍चा आकडा उतरलाय, पण अजून दीडशेच्या वरच आहे. तळाचा जवळजवळ तसाच. मॅडम म्हणाल्या, पीक जेवढं उचलेल तेवढंच कमी होणार, काही वर्षं जातील. भाडेकरारात आता एक ओळ वाढवली आहे: कोंबडी खत तात्यांनीही टाकायचं नाही.